आधी नाव, मग रंग

परभणी जिल्ह्यातील सर्वोत्तम पेंटर काल गेला.
हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे.

भीमरावभाऊ. मूळचे ताडकळसचे. तिथल्या बाजारातील निम्म्या भिंतींवरची अक्षरे त्यांची होती.
पुढे फ्लेक्स आले आणि भिंती गेल्या. ते परभणीत एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभे राहू लागले.

"आधी रंग मारायचो, आता दुसऱ्याला इकायलोय," असे म्हणत.
हसून म्हणत, पण पाहत दुसरीकडे.

माझा छंद रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा. या वयात शोभत नाही, हे घरी रोज ऐकतो.
अशा गाडीची वरची बॉडी पारदर्शक प्लास्टिकची, कोरी येते. ती आपण रंगवायची, आणि तीही आतून. बाहेरून दिलेला रंग पहिल्याच धडकेत खरवडला जातो.

म्हणजे सारा क्रम उलटा. भिंतीवर शेवटी काढायची ती बारीक रेघ इथे सर्वांत आधी. भिंतीवरचा पहिला पांढरा हात इथे शेवटी. अक्षरे आरशातल्यासारखी.

कोरी बॉडी घेऊन मी भाऊंच्या काउंटरवर गेलो आणि हे सर्व स्केल हातात धरून त्यांना समजावले.
"झालं का, बीकॉम?" माझ्या पदवीवरून ते मला याच नावाने हाक मारत. "आता सरका, उजेड अडवायलात."

चार दिवसांनी बॉडी आली. काळ्या रेघा, त्यांच्यामागे केशरी, त्यामागे पांढरा. मी भिंग लावून चूक शोधली. सापडली नाही.

संभाजीनगरच्या शर्यतीला भाऊही सोबत आले. माझी गाडी शेवटून दुसरी आली. गर्दी मात्र तिच्याभोवतीच.

एका तरुणाने विचारले, "काका, स्टिकर कुठून मागवलं?"
"स्टिकर न्हाई, रंग हाय," भाऊ म्हणाले. "आतून."
"कोणी केलं? नाव तर नाही कुठं."
"हाय की. कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात नुसता केशरी होता.

भाऊंनी बॉडी काढून उलटी केली. नाव आत होते. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी ते सर्वांत शेवटी, पांढऱ्यावर लिहिले होते. बाहेरून दिसणे शक्यच नव्हते.

"हे तर गाडीनंच वाचायचं!" तरुण म्हणाला. भाऊही हसले.

परतीच्या बसमध्ये मात्र जालन्याजवळ त्यांनी बॉडी पुन्हा उलटी करून पाहिली.
मग म्हणाले, "इतक्या वर्षांनी कुणी नाव इचारलं, अन् मीच ते रंगाआड घातलं."

बाकी सारा क्रम मी सांगितला होता. नावाचा तेवढा राहिला होता. ती चूक माझीही.

त्यानंतर प्रत्येक बॉडीवर पहिला ब्रश नावाचा. "भीमराव पेंटर, ताडकळस." उलट्या अक्षरांत, आरसा न घेता.
पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून बॉड्या येऊ लागल्या. दुकानातली नोकरी त्यांनी सोडली.
कोणी फोनवर कुरकुर केली की ठणकावून सांगत, "नाव राहणार. चालत नसंल तर दुसरीकडं बघा."
कोणीही दुसरीकडे बघितले नाही.

आज वहिनींनी त्यांच्या टेबलावरची शेवटची बॉडी माझ्या हाती दिली. ती माझीच होती.
अजून आरपार दिसणारी.

रंग कोणता देणार, हे त्यांनी मला सांगितले नव्हते.
नाव लिहून झाले होते.

भीमरावभाऊ, तुमच्या हाताला माझा अखेरचा जयभीम.