मापाचा ब्लाऊज

हिरामण मढवी मला पहिल्यापासून संशयास्पद वाटायचे, आणि कारण एकच, माणूस फार सरळ होता. घरमालक असून भाडेकरूंवर खेकसत नसे, नळ गळला की स्वतः पाना घेऊन येई, डिपॉझिट परत देताना भिंतीवरचे खिळे दाखवून कटकट करत नसे. कोपरखैरणे गावात असा दुसरा मालक दाखवा आणि माझ्याकडून बक्षीस न्या. मी तुर्भ्याच्या एका गोदामात परत आलेला माल तपासते. खोकं उघडायचं, सील बघायचं, गिऱ्हाईक कुठे खोटं बोलतंय ते शोधायचं. या कामात मी एवढं शिकले, की ज्या खोक्यावर एकही ओरखडा नाही ते आधी उघडावं.

हिरामणदादा साठीला टेकलेले, उंच, मिशीवाले. पोरवयात मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या, त्यामुळे खांदे दाराएवढे. पुढे शेती नव्या शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर चार मजले उभे राहिले आणि बायकोच्या नावाने पाटी लागली, 'गोजरा निवास'. दुसऱ्या मजल्यावर मी राहते. बायकोचं नाव इमारतीला देणारा नवरा एक तर देव असतो नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं. देवांवर माझा विश्वास नाही.

त्यांना साडीतलं फार कळायचं. गोजरावहिनींच्या अंगावर जी साडी असे ती त्यांनीच निवडलेली. कुठल्याही हळदीला गेलं की बायका वहिनींचा पदर हातात घेऊन बघत आणि वहिनी मान वर करून सांगत, "आमच्या यांची निवड." ज्याला साडीतलं एवढं कळतं त्याला बायकांतलंही कळत असणार, असं माझं साधं गणित.

शिवाय गच्चीवर पंपाची खोली होती. तिची किल्ली दादांच्या करदोट्याला असायची. दुपारी वहिनी भजनी मंडळात गेल्या की दादा "पंप बगून येतो" म्हणून वर जायचे. आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि संध्याकाळी येतं. दुपारी पंप बघायला जाणं म्हणजे अमावस्येला चांदणं बघायला जाणं. पण मी भाडेकरू. गप्प बसले.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी वहिनी माझ्या खोलीत आल्या, आतून कडी घातली आणि पदराखालून एक हिरवा ब्लाऊज काढून माझ्या पलंगावर टाकला.

"बाय, यो कोनाचा हाय, सांग मना."

दादांच्या स्कूटरच्या डिकीत, पुसायच्या फडक्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला होता. मी तो उलटापालटा केला. काठ जरीचा, कापड साधं. खांदा एवढा रुंद की माझ्यासारख्या दोघी मावतील. एका काखेत शिवण उसवून वर काळ्या दोऱ्याने ओबडधोबड टाके मारलेले.

"मापाचा ब्लाऊज वाटतोय," मी म्हटलं. आम्ही बायका नीट बसलेला एक ब्लाऊज बाजूला ठेवतो आणि नवीन शिवायचा असला की तोच शिंप्याकडे टाकतो, अंगावर टेप लावून घेत बसत नाही. "दादा कुणालातरी नवीन शिवून देणार असतील."

"मना पन तेच वाटला. आनि वास घे. याला यांच्या आंगाचा वास हाय." वहिनींचे डोळे भरले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी नाक मुरडलं. "टाके बग तिचे. धड सुई पन धरता येत नाय. दांडगी हाय, फुवड हाय, नि माझ्या संसारात शिरलीय."

त्यांच्या पोराचं, हितेशचं, लग्न मे महिन्यात ठरलेलं. सून घरात यायच्या आधी सासऱ्याची बाई घरात यायची, ही भीती वहिनींना जेवू देत नव्हती. ती बाई कोण एवढं कळलं की तिच्या झिंज्या धरून फैसला करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी मदत करते म्हटलं. दया म्हणून नव्हे, मलाही बघायचीच होती ती बाई.

आता खांदे कसे तपासायचे? वहिनींनी हळदीकुंकू काढलं. दरवर्षी आळीपुरतं असायचं, यंदा चारही मजले आणि शेजारच्या तीन इमारती. आमच्या बौद्धांच्या घरात हळदीकुंकू नसतं. मी तिळगुळाचे डबे उघडायच्या निमित्ताने कोपऱ्यात बसले. वहिनी प्रत्येकीला कुंकू लावायच्या, वाणाची वाटी द्यायच्या आणि मायेने दोन्ही खांद्यांवर हात ठेवून चाचपायच्या. बायका गहिवरल्या. "गोजराताई किती बदलल्या हो," एक जण म्हणाली. वहिनी माझ्याकडे बघून मान हलवायच्या, नाही, ही नाही.

संशय अखेर राजलक्ष्मीवर थांबला. ती पहिल्या मजल्यावरची नर्स, अंगापिंडाने भरलेली, ड्युटीच्या वेळा विचित्र. दादांनी तिची गॅसची शेगडी दुरुस्त करून दिल्याचं मला आठवलं आणि मी ते लगेच सांगितलंही. वहिनींनी तिला आत नेलं. "माझ्या नणंदेचा ब्लाऊज हाय, तुला बसतो का बग, तिला नको झालाय." राजलक्ष्मीने बिचारीने घातला. खांदे दोन्ही बाजूंनी खाली ओघळले.

"काकी, या मापाची बाई मी वॉर्डात पण नाही बघितली," ती हसत म्हणाली.

ती गेल्यावर वहिनी पाटावर बसून राहिल्या. एवढी मोठी बाई गावात नाही, इमारतीत नाही, मग आहे कुठे? "बाहेरची आहे," मी म्हटलं, "आणि दादा तिला दुपारी वर आणतात." हे तोंडातून गेलं तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वहिनी भजनाला निघाल्यासारख्या निघाल्या आणि कोपऱ्यावरून परत आल्या. आम्ही चपला हातात घेऊन जिना चढलो. पंपाच्या खोलीला आतून कडी होती. आत बांगड्यांचा आवाज झाला. वहिनींनी माझा दंड एवढा दाबला की वळ उठला.

"काढा तिला भायेर!" त्यांनी दारावर थाप मारली. "काढा, नायतर गाव गोला करते!"

आवाज थांबला. मग कडी निघाली.

दारात हिरामणदादा उभे होते. हिरवं नऊवारी, आगरी पद्धतीने गुडघ्यावर नेसलेलं, निऱ्या नीट, कासोटा घट्ट. अंगात तसाच दुसरा हिरवा ब्लाऊज, हातात काचेच्या बांगड्या. मिशी तेवढी जागच्या जागी.

वहिनींनी त्यांना बाजूला सारलं आणि आत शिरल्या. दाराआड बघितलं. पंपामागे बघितलं. जुनी गादी उचलून बघितली. बाहेर येऊन टाकीचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. "कुठं हाय ती? कुठं लपवलात तिला?"

"गोजरे," दादा म्हणाले, "दुसरी कोन नाय. मीच हाय."

"मंग यो ब्लाऊज?"

"माझाच हाय. दुसरा शिवायला मापाला नेलेला."

वहिनी टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. खरं म्हणजे मी खाली जायला हवं होतं. गेले नाही. असं काही रोज बघायला मिळत नाही, आणि खोटं बोलतंय का कोणी, हे बघायची सवय सुटत नाही.

दादा खोलीच्या उंबऱ्यावर बसले, गुडघ्यावरचं लुगडं सारखं करत. "शिमग्याला सगलेच सोंग घ्यायचे. करवंट्या बांदायचे, तोंडाला पावडर फासायचे. मी पन घेतला एकदा, आयेचा लुगडा नेसलो. बाकीच्यांना लोका हसली. माझ्याकरं बगून गप झाली. निऱ्या बराबर बसल्या व्हत्या ना. बापानं घरी नेऊन काठीनं मारला. तवापासून लोकांसमोर कंदी नाय नेसलो."

"आनि हितं?"

"खोली बांदली तवापासून. नेसतो, बसतो घटकाभर, सोडून खाली येतो. बरा वाटतो. का बरा वाटतो ते मना नाय सांगता येत."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी कट्ट्यावर हात आपटला. "हितेसच्या सासरी कलला तर लगीन मोडंल. टाकून द्या सगला. झाला, संपला."

"हो बोलीन नि परत नेसीन," दादा म्हणाले. "लय वरसं खोटा वागलो. आथा तुझ्याशी खोटा बोलायचा नाय मना."

"मंग काय पायजे तुमाला?"

दादांनी हातातली बांगडी फिरवली. "गावाला सांगायचा नाय. भायेर जायचा नाय. एकदा आपल्या घरात, सैपाकाच्या वट्यापाशी, या साडीत बसू दे. तुझ्या हातचा चहा. आनि तू तोंड फिरवू नको. बाकी काय नाय."

वहिनी उठल्या आणि जिना उतरून गेल्या. मीही उतरले. मागे वळून बघितलं तर दादा अजून उंबऱ्यावरच होते, पाय जवळ घेऊन. मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही आला.

त्यानंतर गोजरा निवासात सामसूम पसरली. वहिनी ताट वाढून झाकून ठेवायच्या, समोर बसायच्या नाहीत. दादांनी गच्चीवर जाणं सोडलं आणि चेहरा पार उतरला. नळ गळतोय म्हटलं तर पाना आणायला विसरू लागले. एका संध्याकाळी वहिनी परत माझ्याकडे आल्या. परत कडी.

"बाई असती तर बरा व्हता," त्या म्हणाल्या. "बाईशी भांडता येतं. याच्याशी कसा भांडू? आनि मना आथा येगलाच संशय येतो. एवढ्या वरसांत यांनी मना साड्या घेतल्या, त्या माझ्यासाठी घेतल्या का सोतासाठी? मी मिरवीत व्हते, आमच्या यांची निवड, आमच्या यांची निवड. मी कोन व्हते मंग? साडी टांगायची खुंटी?"

हे मात्र मला लागलं. नवऱ्याने काय नेसावं हा प्रश्न माझ्या डोक्याबाहेरचा होता. पण आपल्यावर केलेली माया खरी होती की नाही, हा प्रश्न कुठल्याही बाईला कळतो.

"तू वापरलेला माल वलखतेस ना?" त्यांनी विचारलं. "चल. वलख."

वहिनींनी कपाट उघडलं आणि सगळ्या साड्या पलंगावर काढल्या. पैठण्या, इरकली, हळदीची पिवळी, बारशाची गुलाबी. मी एकेक घडी उजेडात धरली, माल धरते तशी. पिनेची भोकं कुठे आहेत, घाम कुठे लागलाय, काठाला खालून घासलंय किती, सगळं बघितलं. खोट सापडली असती तर मी झाकली नसती, माझा तो स्वभावच नाही. भोकं सगळी वहिनींच्या खांद्याच्या जागी. दादा वीतभर उंच. त्यांनी नेसली असती तर घड्यांच्या खुणा वेगळ्या पडल्या असत्या. एकाही साडीला दुसऱ्या अंगाची खूण नव्हती.

"यांना कुणी हात लावलेला नाही वहिनी. तुमच्याशिवाय कुणीच नेसलेलं नाही."

वहिनींनी गच्चीवरून आणलेली ती हिरवी साडी पलंगावर ठेवली. मी बोटांत धरून बघितली. नायलॉनची, रस्त्यावर ढीग लावून विकतात तशी, जरी काळी पडलेली, काठ विरलेला. नेसल्यावर अंगाला टोचेल असला धागा.

"मना पैठणी," वहिनी हळूच म्हणाल्या, "नि सोताला ही चिंधी." त्यांनी ती साडी उचलली, नीट चौघडी घातली. मी निघाले तेव्हाही त्या तिच्यावर हात ठेवूनच बसल्या होत्या. दादांना माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर शिवी खाल्ली असती.

लग्न जवळ आलं. आगऱ्यांच्या हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. लांबून बघितलं की कळावं, या वरमाईच्या घरातल्या. यंदाचा रंग मोरपंखी. निवड अर्थातच दादांची, पण या वेळी वहिनींनी त्यांना दुकानात सोबत नेलं आणि येताना दोघं एकाच रिक्षातून उतरले, एवढं मी खिडकीतून बघितलं.

मग त्या मला घेऊन मारोतीकडे गेल्या. मारोती आमच्या सेक्टरमधला लेडीज टेलर, मूळ नांदेडकडचा, तोंडाने भारी चौकस. वहिनींनी गाठोडं सोडलं आणि एकेक मापाचा ब्लाऊज ब्लाऊजपिसासकट काउंटरवर ठेवायला लागल्या. हा नणंदेचा, हा जावेचा, हा मामीचा, हा माझा. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यांनी गाठोड्याच्या तळातून शेवटचा काढला. हिरवा, दाराएवढ्या खांद्याचा. त्यावर मोरपंखी पीस ठेवलं, बाकीच्यांसारखंच.

मारोतीने ब्लाऊज दोन्ही हातांनी ताणून धरला आणि चष्म्यावरून बघितलं.

"ही कोण पाहुणी म्हणायची वहिनी? एवढ्या खांद्याची मी तुमच्यात बघितली नाही कधी."

"पाहुनी नाय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरातलाच माप हाय."

"पण हळदीला..."

"हलदीला दिसंल न दिसंल, तुला काय करायचाय? शिवायचा त शिव." वहिनींनी त्याच्या हातातून ब्लाऊज घेतला, उलटा केला आणि काखेतल्या काळ्या टाक्यांवर बोट ठेवलं. "नि हितं जागा सोड दोन बोटं. लय काचतंय."