कळकलेल्या वड्या

लढाईच्या दिवसांत कथील मिळेनासं झालं आणि परतूरच्या आमच्या घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली ती उडालीच. आमटी कळकायची, ताक हिरवट व्हायचं. पण जीभ मेली कशालाही सरावते. पुढं पुढं आम्हाला चांगल्या आमटीची चवच आठवेना.

माझे यजमान गावाबाहेरच्या दारूभट्टीत रसायनं तपासायला होते. मोहाची दारू काढून जे आंबूस पाणी उरतं, त्यात त्यांनी पाव फुगवतात ते खमीर वाढवायला घेतलं. ते वाळवून वड्या करायच्या, म्हणजे महागाईत गोरगरिबांना मटणाची ताकद मिळेल म्हणे. आबकारीच्या साहेबांना वड्या आवडल्या की हैदराबादला बदली नक्की होती. मला खमिराचं काही पडलं नव्हतं, मला हैदराबाद हवं होतं! नळाचं पाणी, विजेचे दिवे आणि सासूबाई इकडे. मी तर शेजारणींचा निरोपसुद्धा घेऊन टाकला होता.

साहेब जेवायला आले त्या दिवशी काळा मसाला, तीळ, खोबरं घालून वड्यांचा रस्सा केला. आधी आम्ही दोघांनी चाखला.

"फक्कड झालंय," हे म्हणाले. मलाही काही वावगं लागलं नाही.

साहेब मात्र चिनी मातीच्या ताटात जेवणारा माणूस. पहिला घास तोंडात गेला आणि ते उठून मोरीकडे धावले.

"ये सालन है की पुराना तांबा?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ह्यांनी मात्र मांडीवर थाप मारली. "बराबर! भट्टीच्या भांड्यांची बी कल्हई गेल्ती, साहेब. पाण्यात उतरलेलं तांबं खमिरानं खाऊन टाकलं!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! खरकट्या हातानंच ते साहेबांना भट्टीवर घेऊन गेले. मला घरात बसवेना, मीही पदर सावरत मागे गेले. तिथं ह्यांनी दोन बाटल्यांत पाणी घेतलं, एकीत खमीर वाढायच्या आधीचं, दुसरीत नंतरचं, आणि दोन्हींत कसलंसं औषध टाकलं. आधीचं पाणी तांब्यानं निळंशार झालं, नंतरचं होतं तसंच राहिलं.

भट्टीच्या पाण्यानं नाला नासतो, या गावाच्या तक्रारीनं साहेब बेजार होते. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "वड्यां फेंक दो, पानी ऐसाच साफ करो! हैदराबाद बुलाके क्या करना? तुम यहींच रहो, हमेशा!"

"ऐकलंस का? साहेब खूश हायेत!" हे नाचायचेच बाकी होते.

मला तिथंच हुंदका फुटला, काही केल्या आवरेना. साहेबांचेही डोळे भरून आले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "देखो, बेचारी खुशी से रो रई."