पाळणाघरातल्या मावशींची रीत

पाळणाघरातल्या मावशींचा मी मनापासून हेवा करायचे, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं त्या दोन खोल्यांत लोकांची मुलं सांभाळत होत्या. सातव्या महिन्यात जागा सांगून ठेवायला गेले, तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "आता ऐकू येतं हं बाळाला. बोलत जा त्याच्याशी. बाहेर आल्यावर तुमचाच आवाज आधी ओळखेल." तेव्हा बाई मला देवमाणूस वाटल्या.

सहा महिन्यांची मुलगी त्यांच्या हवाली करून मी चष्म्याच्या दुकानात परत रुजू झाले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मुलगी आधाराशिवाय बसली ती मावशींच्या सतरंजीवर. भाताचं शीत दोन बोटांच्या चिमटीत उचललं, तेही मावशींच्या ताटलीतलं. मी दिवसभर परक्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरत होते आणि माझ्याच लेकीचं वाढणं मला दुसरीच्या तोंडून कळत होतं.

नवव्या महिन्यात तर कहर झाला. संध्याकाळी घ्यायला गेले, तर पोरीनं मावशींच्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरलं.

"या वयात ओळखीचं-अनोळखी कळायला लागतं," मावशी समजुतीनं म्हणाल्या. "अनोळखी माणसाला बघून रडतातच."

"म्हणजे मी अनोळखी?"

त्यांनी जीभ चावली. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा एका बुधवारी त्या म्हणाल्या, "आज-उद्यात चालेलसं दिसतंय. दोन दिवस रजा मिळाली तर बघा." मालकांची मनधरणी करून मी रजा काढली. शुक्रवारी दुपारी पलंगाचा कठडा सोडून ती तीन पावलं टाकत माझ्याकडे आली आणि बदकन बसली. मी हसले, रडले, शेजारणीला हाका मारल्या. बसली असेल मावशींकडे, पण चालली माझ्यासमोर!

सोमवारी तोऱ्यातच गेले. "चालली हो ती!" म्हणतेय, तोच तिथल्या जुळ्यांचे बाबा म्हणाले, "अहो, मी मंगळवारीच बघितलं! कपाटापासून निघाली, ती थेट मावशींच्या कुशीत." त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना. जुळ्यांना सोडून ते निघून गेले.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला.

मावशी लाळेऱ्यांच्या घड्या घालत राहिल्या. "पहिलं पाऊल आईबापांनीच बघायचं, अशी माझ्याकडची रीत आहे. आम्ही बघितलं तरी बघितलं नाही. हे पाळणाघर नुकतंच सुरू केलं होतं, तेव्हा माझी लेक घरी चालली आणि मी इथं अकरा मुलांत. शेजारीण हौसेनं धावत सांगायला आली. अजून तिचं तोंड बघवत नाही मला."

मत्सर गेला म्हणाल, तर नाही. उलट वाढला. माझ्या लेकीचं पाऊलही हिनंच बघितलं आणि मोठं मनही हिचंच! तरी निघताना राहवलं नाही.

"कुणाकडे बघून निघाली हो ती?"

"दाराकडे," मावशी लगेच म्हणाल्या. "तुमची यायची वेळ झाली होती ना."

धडधडीत खोटं. मी ते तसंच घरी नेलं आणि नवऱ्याला खरं म्हणून सांगितलं.