कशावरून मॅडम

आमच्या शाळेत एक मॅडम होत्या. त्यांना कुणी नुसतं 'आज फार ऊन आहे' म्हटलं तरी त्या विचारायच्या, "कशावरून?" त्या विचारण्यात खोच नसायची. डोळे बारीक करून, मान जराशी पुढे काढून, खरंच ऐकायची उत्सुकता असल्यासारख्या त्या थांबायच्या. समोरच्याला मग सांगावंच लागे, की हातपंपाचा दांडा धरवत नाही, कुत्री पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसलीत. तेवढं ऐकलं की त्यांचं समाधान होई. "हं, मग आहे ऊन," असं म्हणून त्या डोक्यावर पदर घ्यायच्या. मुलं त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणत. हजेरीपटावरचं त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

शाळा मध्य प्रदेशातल्या खकनारच्या पुढची, सरकारी, आठवीपर्यंतची. मी तिथे हिंदी शिकवायची, त्या विज्ञान. त्यांचे वडील जळगावकडून तिथल्या पेपर मिलमध्ये नोकरीला आले आणि मिलच्या कॉलनीतच राहिले. घरात मराठी, दारात हिंदी, असं त्यांचं बालपण गेलं. शाळेत त्या हिंदीतूनच शिकवत, पण हा एक शब्द त्यांच्या तोंडी मराठीतच राहिला. 'कशावरून?' म्हणायच्या आणि लागलीच त्याचं हिंदी जोडायच्या, "कैसे पता?" मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान, बुऱ्हाणपूरहून जीपने यायची. फाट्यावर आमची गाठ पडली की तिथून शाळेपर्यंतच्या वाटेवर त्या मलाही सोडत नसत. मी म्हणाले, की माझी सासू माझ्यावर रागावलीय, तरी त्यांचा प्रश्न ठरलेला. गंमत म्हणजे उत्तर शोधता शोधता माझ्या लक्षात यायचं, की सासू रागावलेली नाही, तिचे गुडघे दुखताहेत.

प्रयोगशाळा म्हणून आम्हाला एक कपाट आणि त्यापुढचा व्हरांडा मिळाला होता. तिथे त्यांचा तास रंगायचा. गावातली मुलं केळीवाल्यांची, कपाशीवाल्यांची. घरी काका-बापांशी मालाच्या भावावरून वाद घालून तयार झालेली. 'कशावरून?' आलं की ती मुसंडी मारायची. एकाने सांगितलं, दुसऱ्याने खोडलं, मॅडम मधे हात बांधून उभ्या. भिंतीलगत हॉस्टेलच्या मुली बसायच्या. डोंगरातल्या बारेला आदिवासींच्या पाड्यांवरच्या, शाळेशेजारच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या. त्या वादात पडत नसत. "शांत आहेत गं, पण सगळं टिपतात," असं मॅडम कौतुकाने म्हणायच्या. त्यांचा या मुलींवर जीव होता. संक्रांतीला कॉलनीतून तिळाचे लाडू आणायच्या ते आधी भिंतीकडच्या रांगेला.

त्या वर्षी सातवीची विज्ञानाची चाचणी सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी, एकाच पेपरवर झाली. निकाल सांगायला बुऱ्हाणपूरला बैठक बोलावली. मॅडमना खात्री होती. जीपमध्ये त्या आमच्या हेडसरांना म्हणाल्या, की आज तुम्हाला उभं राहून टाळ्या घ्याव्या लागतील. झालंही तसंच. भिंतीवरच्या पडद्यावर शाळांच्या गुणांच्या उभ्या पट्ट्या आल्या, त्यात आमची उंच होती. हेडसर अर्धवट उठले, टाळ्या झाल्या. त्या विरायच्या आत पुढचं चित्र आलं. त्यात प्रत्येक शाळेचे गट वेगळे केले होते. मुलं, मुली, गावातली, हॉस्टेलमधली. आमच्या तीन पट्ट्या ताठ उभ्या होत्या आणि चौथी जमिनीला चिकटलेली होती. इतकी बुटकी, की मला वाटलं पडद्यालाच काहीतरी झालंय. ती हॉस्टेलच्या मुलींची पट्टी होती. नुसत्या अंदाजाने खुणा केल्या असत्या तरी याहून बऱ्या लागल्या असत्या.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पुढे बसलेले अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हॉस्टल की बच्चियाँ हैं, इनसे इतना ही होगा." खोलीतल्या कितीतरी माना हलल्या. मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कशावरून?" हिंदी बैठकीत तो मराठी शब्द वेडावाकडा पडला. दोघंतिघं हसले. अधिकाऱ्यांनी तो ऐकला नसावा. पुढच्या सत्रापासून अशा मुलांचा वेगळा वर्ग करावा, त्यांना सोपं पुस्तक द्यावं, प्रयोगांचे तास त्यांना नकोत, असं त्यांनी सुचवलं. हेडसरांनी ते लिहून घेतलं. सगळं टिपणाऱ्या त्या मुलींना काहीच येत नव्हतं, हे मला पटत नव्हतं, आणि पडद्यावर तर दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मॅडमनी हॉस्टेलच्या मुलींना व्हरांड्यात बसवलं. माझा तास रिकामा होता, मीही जाऊन बसले. पेपरमधलेच प्रश्न त्या तोंडी विचारत होत्या. सुमली नावाची एक मुलगी होती, सावळी, उंच, कायम खाली बघणारी. तिला विचारलं, की ओला कपडा पसरून टाकला तर लवकर वाळेल की बोळा करून ठेवला तर. सुमली म्हणाली, पसरून. मॅडमचा चेहरा उजळला. "कशावरून? कैसे पता?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. सुमली म्हणाली, "नहीं मॅडम, गठरीवाला." मॅडमनी दुसरा प्रश्न घातला. पहिलं उत्तर बरोबर. 'कशावरून?' म्हटल्याबरोबर तिने ते बदललं. मग दुसऱ्या मुलीला विचारलं, तिसरीला विचारलं. तेच. बरोबर उत्तर यायचं, आणि प्रश्न आला की मुलगी ते टाकून द्यायची.

मॅडम खाली फरशीवर बसल्या. आवाज अगदी हळू करून त्यांनी विचारलं, की तुम्ही उत्तर का बदलता. शेवटी गेंदी नावाची त्यातल्या त्यात बोलकी मुलगी म्हणाली, "आप 'कशावरून' बोलते हो तो हम समझ जाते हैं, गलत हो गया. पेपर में भी हर सवाल के नीचे वही लिखा था."

ते खरं होतं. पेपरात प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ होती, तुम्हाला असं का वाटतं ते लिहा. मुलींनी ती ओळ वाचली होती आणि आपलं बरोबर उत्तर खोडून दुसऱ्यावर खूण केली होती.

मॅडम त्यांना सांगू लागल्या, की मी रागाने नाही विचारत, मला फक्त ऐकायचं असतं. तेव्हा सुमलीने पहिल्यांदा वर पाहिलं. "जंगलवालों के नाके पर मेरे बाबा से भी ऐसे ही पूछते हैं," ती म्हणाली. "लकड़ी तेरे खेत की है, कैसे पता? फिर लकड़ी रख लेते हैं."

तो व्हरांडा, ते कपाट, इतक्या वर्षांचे ते रंगलेले तास, सगळं त्या एका वाक्याने उलटंपालटं झालं. आम्ही ज्याला विज्ञान म्हणत होतो, तो भिंतीलगतच्या रांगेला रोजचा नाका होता. मॅडमनी मुलींना हॉस्टेलवर जायला सांगितलं. त्या गेल्यावर मॅडम कपाटाला टेकून बसल्या. मी पाणी आणून दिलं, ते हातात तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं गं. दर वेळी मी त्यांचं लाकूड ठेवून घेतलं." त्यांना रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

रडण्यापेक्षा त्यांनी भांडण काढलं. हेडसर मऊ माणूस, वरून आलेल्या शब्दाला भिणारा. त्यांच्यासमोर जाऊन मॅडम म्हणाल्या, की वेगळा वर्ग करायचाच असेल तर माझ्यासाठी करा, कमजोर मी आहे. हेडसर ऐकेनात तेव्हा मला घेऊन त्या बुऱ्हाणपूरला त्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. घडलं ते सगळं, स्वतःची चूक पदरात घेऊन, त्यांनी सांगितलं. अधिकारी वाईट नव्हते. सुमलीच्या बापाच्या लाकडाचं ऐकलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पुढच्या चाचणीपर्यंत थांबतो म्हणाले, त्यानंतर मात्र पट्टीच बोलेल.

आणि मग मॅडमनी आपला शब्दच मुलींना देऊन टाकला. मुली आठवीत आल्या, त्या सत्रात वर्गात 'कशावरून' विचारायचा हक्क फक्त भिंतीलगतच्या रांगेला, आणि तोही मॅडमना विचारायचा. गावातल्या मुलांनी कुरकुर केली. मुलींनी तर पावसाळा निम्मा सरेपर्यंत तोंड उघडलं नाही. मॅडम धडा सांगायच्या, थांबायच्या, भिंतीकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. पहिल्यांदा गेंदीने विचारलं, चंद्राला स्वतःचा उजेड नाही कशावरून. मॅडमना लगेच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्या बॅटरी आणि चेंडू घेऊन आल्या, दारं लावून अंधार केला, आणि तरी दोनदा चुकल्या. "रुको, मुझसे गलत हो गया," असं त्या मोठ्याने म्हणाल्या. वर्ग चकित होऊन बघत राहिला. चुकल्यावर कुणी काही काढून घेत नाही, हे त्या मुलींनी तेव्हा प्रथम पाहिलं असावं.

सुमली बोलली ती थंडीच्या तोंडावर. मॅडमनी सांगितलं होतं, की केळीचं झाड हे झाडच नाही, त्याला लाकडाचं खोड नसतं. सुमली बसूनच म्हणाली, "कशावरून?" आवाज इतका बारीक होता, की मागच्या मुलांनी 'काय म्हणाली' म्हणून विचारलं. मॅडमनी एका मुलाच्या बापाच्या मळ्यातून घड कापून झाल्यावर पाडलेलं केळीचं खोड मागवलं आणि सुमलीसमोर ठेवलं. सोल म्हणाल्या. ती एकेक थर काढत गेली. हात चिकाने काळे झाले, कपड्यांना डाग पडले. थरात थर निघत राहिले आणि शेवटी आत लाकूड काहीच नव्हतं. सुमली हसली. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मॅडम मला नंतर म्हणाल्या, की आता मी गेले तरी चालेल. आपण सहज बोलतो तसं त्या बोलल्या होत्या.

पुढच्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा मी पडद्याकडे बघायला भीत होते. पट्टी वर आली होती. पण बाकीच्या तिन्ही पट्ट्यांच्या बरोबरीला नाही, खालीच. इतकं करून एवढंच, असं मला वाटलं आणि मी हिरमुसले. मॅडम मात्र पडद्याकडे बघत होत्या, बाळाने पाऊल टाकलेलं बघावं तशा. "पाड्यापासून नाक्यापर्यंत जे शिकवलं जातं ते एका वर्षात कसं उतरेल?" त्या म्हणाल्या. "उतरायला लागलंय ना." अधिकाऱ्यांनी वेगळ्या वर्गाचा विषय काढला नाही.

मे महिन्यात मी इच्छापूरला एका लग्नात होते. जेवणाच्या पंगतीत वाढत असताना फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर हेडसरांचा निरोप होता, मॅडम सकाळी घरीच वारल्या, हृदयाचा झटका. मी तो वाचला आणि पुन्हा वाढायला घेतलं. हातात भाताची परात घेऊन मी दोन माणसांना वाढलं, मग मला कळलं मी काय वाचलंय ते. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला फोनवर आंब्याचं लोणचं किती दिवस टिकतं म्हणून विचारलं होतं. कॉलनीत पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घराच्या व्हरांड्यात त्यांच्या चपला तशाच होत्या.

शाळा बंद, मुली आपापल्या पाड्यांवर. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. जूनमध्ये पेट्या घेऊन त्या हॉस्टेलवर परतल्या तेव्हा मीच जाऊन सांगितलं. कुणी रडलं नाही. गेंदी खिडकीतून शाळेकडे बघत राहिली. सुमलीने विचारलं, की मॅडमना कुठे ठेवलं. तापीत, मी म्हणाले, राख तापीत सोडली. ती म्हणाली, आमच्याकडचे नाले तिकडेच जातात.

गेंदी, सुमली आता आठवीपुढे मोठ्या शाळेत जाणाऱ्या, राहणार त्याच हॉस्टेलमध्ये. त्यांच्या मागे शाळेत उरलेल्या मुलींना विज्ञानाला शिक्षक नव्हता. तो तास रिकामा जाऊ लागला. त्या तासाला धाकट्या मुली अंगण झाडायच्या.

पंधरवड्याने हेडसर माझ्या वर्गाच्या दाराशी आले, घाबरल्यासारखे. आत्ता माझ्याकडे कोण आलं होतं माहीत आहे का, म्हणाले. सुमली आली होती, धाकट्या मुलींना मागे घेऊन. विज्ञानाचे सर कधी येणार, असं तिने विचारलं. त्यांनी सांगितलं, वर कळवलंय. तिने विचारलं, कुणाला. त्यांनी सांगितलं, बुऱ्हाणपूरला. ती म्हणाली, "तो अभी पूछ लीजिए, सर. हम यहीं खड़े हैं."

मग काय केलंत, मी विचारलं.

हेडसरांनी रुमालाने मान पुसली. तिच्यासमोरच फोन लावला, म्हणाले.