पदरातले खवले

दुष्काळ सरला त्या वर्षी आम्ही तीर्थपुरीत भाड्याने राहत होतो. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "घरात मासळी शिजली तर खोली सोडायची."

मला सातवा महिना होता, राहवेना. गोदावरीवरून मासे आणणारीला मी मागच्या दाराने आत घेतलं. तिने मासा साफ केला, तोच अंगणात पावलं वाजली. मी घाईने मासा परातीखाली झाकला.

"भिऊ नको बाई, पोटातल्याला कळतंय," ती पुटपुटली. खवले, आतडी पदरात गोळा करून ती बाहेर गेली.

"कशाचा वास येऊन राह्यला?" मालकीणबाई ओरडल्या.

"माझाच, मावशी. पानी मागाया आल्ते."

शिव्या खात ती गल्लीतून निघाली. दाराच्या फटीतून मी बघत होते. मुठीतला पदर तिने शेवटपर्यंत सुटू दिला नाही.