न वाचलेल्या कादंबरीसाठी तुरुंगवास

लँकेशायरमधल्या क्रॉबेक गावात एनॉक बटरवर्थला तुरुंगात जायची जेवढी हौस होती, तेवढी गावातल्या पोरांना लग्नाचीही नसेल. मुळात तो हातमागावरचा विणकर. वाफेच्या मागांनी त्याचं काम गिळलं, तेव्हा त्याने कुठूनसा एक दमेकरी छापखाना मिळवला आणि ‘जनतेचा घण’ नावाचं साप्ताहिक काढलं. गिरणीत राबणाऱ्या प्रत्येक माणसाला मत देता आलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. त्यात काही चुकीचं नव्हतं. फक्त ते तो अशा लांबीच्या वाक्यांत मांडायचा की कर्त्यापाशी तरुण असलेला वाचक क्रियापदापर्यंत पोचता पोचता आजोबा व्हायचा.

आसपासच्या गावांतले संपादक राजद्रोहासाठी तुरुंगात जात होते. सुटून आले की वेशीवर बँडबाजा, हार, भाषणं. एनॉकने राणीच्या सरकारला काय काय म्हणून ठेवलं नव्हतं! पण सरकार ढिम्म. राजद्रोह घडायला निदान एका माणसाने तो वाचावा लागतो, ही अडचण त्याच्या ध्यानात आली नव्हती.

त्याचे अग्रलेख शेवटपर्यंत वाचणारी साऱ्या इंग्लंडात एकच व्यक्ती होती, त्याची बायको केझिया. तिचाही इलाज नव्हता. छपाईचे खिळे तीच जुळवायची. म्हणजे तिने नवऱ्याचे विचार अक्षर अक्षर वेचून वाचले होते, आणि तेही उलटे.

एकदा छापलेल्या अंकांचा गठ्ठा जसाच्या तसा परत आला, तेव्हा ती म्हणाली, “एनॉक, ह्यात एखादी गोष्ट घालू या. दर आठवड्याला थोडी थोडी.”

“गोष्ट?” एनॉक लापशीचा चमचा हातात धरून उभाच राहिला. “कादंबरी म्हणजे गुलामांना पाजलेली अफू, केझिया! गेल्या महिन्यातच लिहिलंय मी.”

“माहितेय. जुळवलंय मी ते. ‘अफू’पर्यंत येताना मला दोनदा डुलकी लागली.”

“पण लिहिणार कोण?”

“बघते मी कुणीतरी,” असं म्हणून ती भांडी घासायला गेली. आणि भांडी झाल्यावर स्वतःच लिहायला बसली.

गोष्टीचं नाव होतं ‘विणकराची लेक आणि काळ्या मनोऱ्याचा धनी’. विणकराची लेक म्हणजे रोझामंड. दिसायला देखणी, गिरणीत राबणारी, आणि भोवळ येऊन पडायला तिला कुठलीही जागा चालायची. धनी म्हणजे सर लुडोविक. गिरणीचा मालक, वर मॅजिस्ट्रेट. त्याने तिला मनोऱ्यात कोंडलं होतं. तिचा प्रियकर हेन्री खाली उभा राहून उसासे टाकायचा. गोष्ट अशी, की सुशिक्षित माणसाने नाक मुरडावं आणि दार लावून वाचावी.

क्रॉबेकने दार लावलं नाही. शनिवारी संध्याकाळी गिरणी सुटली की सगळं गाव लाकडी तळाचे बूट खाडखाड वाजवत मिसेस एन्टव्हिसलच्या बिअरच्या दुकानात जमायचं. ज्याला वाचता येई त्याला टेबलावर चढवायचे आणि बाकीचे खालून हुंदके द्यायचे. ‘घण’चे अंक पुरेनात. एनॉकला वाटलं, अखेर जनता जागी झाली. जनता त्याचा अग्रलेख आलेलं पान वेगळं काढायची आणि त्यात तळलेला मासा बांधायची, हे त्याला कुणी सांगितलं नाही. गाव तसं मायाळू होतं.

कादंबरी मात्र त्याने कधी वाचली नाही. “माझ्या डोळ्यांना अजून पुष्कळ कामं आहेत,” असं तो म्हणे. लिहिणारी कोण हे त्याला ठाऊक होतं, पण हा विषय तो टाळायचा. दुसऱ्याच्या घरातलं आजारपण टाळावं तसा.

मग एका सकाळी शिपाई वॉरंट घेऊन आला. एनॉकचा चेहरा असा उजळला की शिपाईच दचकला. त्याने घाईघाईने रविवारचा कोट चढवला.

“कुठल्या अग्रलेखावरून? राजवाड्याच्या खर्चावरून की जमीनदारीवरून?”

शिपायाने वॉरंट उलटसुलट करून पाहिलं. “अग्रलेख? ते पण असतात होय तुमच्यात? मला तर मनोऱ्यातल्या गोष्टीसाठी धाडलंय. मॅजिस्ट्रेटसाहेबांची बदनामी, आणि त्यातून न्यायासनाचा अवमान.” मग तो केझियाजवळ सरकून कुजबुजला, “बाई, ती रोझामंड वाचते ना हो शेवटी? आमची ही जेवत नाहीये.”

झालं होतं असं. गोष्टीतला सर लुडोविक कुत्र्याला चांदीच्या काट्याने मटण भरवायचा, आणि पोट आत राहावं म्हणून कोटाखाली बायकांचा कॉर्सेट आवळायचा. क्रॉबेकचे गिरणीमालक आणि मॅजिस्ट्रेट मिस्टर फॉदरगिल ह्यांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. पण साहेबांनी ते वाचलं आणि भर न्यायालयात, शपथेवर, उभं राहून सांगितलं की हा सर लुडोविक म्हणजे दुसरा कुणी नसून मीच. तोवर गावातल्या दोघातिघांना शंका होती. आता लिव्हरपूलपर्यंत खात्री झाली. लग्नाआधी केझिया त्यांच्या घरी कपडे धुवायला होती, हे मात्र साहेब विसरले होते. मालक लोकांना धुणंवाली बाई कुठे आठवते? तिला त्यांचे कपडे आठवत होते.

खटला मोठ्या न्यायाधीशापुढे चालला. एनॉकने माणसाच्या मूलभूत हक्कांवर असं लांबलचक भाषण तयार केलं होतं की ते ऐकून न्यायाधीशाने स्वतःलाच शिक्षा ठोठावली असती. पण आधी सरकारी वकिलाने ते बदनामीकारक प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. वकील आवाजाचा खणखणीत होता, आणि त्याला जरा नाटकाचाही नाद असावा. रोझामंड मनोऱ्याच्या खिडकीत येते तिथे त्याने स्वतःच रुमाल बाहेर काढला. बायका पदराने, म्हणजे त्यांच्या शालींनी, डोळे पुसू लागल्या. सर लुडोविकच्या कॉर्सेटची नाडी तुटते तिथे ज्यूरीतले खाटीकबुवा बाकावरून घसरले. वकील थांबला, तशी सज्जातून ओरड झाली, “अहो, पुढे वाचा की!”

“बटरवर्थ,” न्यायाधीश म्हणाला, “हे कुणी लिहिलंय?”

एनॉकने मान वर केली. सज्जात केझिया जागेवरून अर्धी उठली होती. तिने कठडा धरला होता, आणि शाईने काळी झालेली तिची बोटं त्याला खालूनही दिसत होती. ती आता बोलणार, हे त्याला कळलं. उभ्या आयुष्यात तो खोटं बोलला नव्हता, आणि ह्या एका गुणाचा त्याला अग्रलेखाइतकाच अभिमान होता.

“मी लिहिलंय,” तो ओरडलाच. “अथपासून इतिपर्यंत. मीच!”

वकिलाला संशय आला. “असं? मग रोझामंडच्या केसांचा रंग कोणता?”

एनॉकने अंदाजाने ठोकलं, “काळा.”

“सोनेरी, गाढवा!” सज्जातून एका म्हातारीने सांगितलं.

“सोनेरीच. अंधारात काळा दिसतो,” एनॉक म्हणाला. “मनोऱ्यात उजेड कमी असतो.”

त्याचं हक्कांचं भाषण न्यायाधीशाने ऐकलंच नाही. खटल्याशी त्याचा संबंध नाही म्हणे. सहा महिन्यांची कैद झाली. ज्या राज्याला तो भाषणाने उलथवणार होता, त्या राज्याने त्याला प्रेमकथेबद्दल आत टाकलं.

तुरुंगात जुने जहाजी दोर पिंजायचं काम. बोटांची सालटी निघायची. पण त्याहून वाईट होते शेजारचे कैदी. शेजारी बसणारा ससेचोर त्याला रोज विचारी, “लेखकमहाराज, पुढे काय हो?” एनॉकला काय ठाऊक! शेवटी त्या ससेचोरानेच त्याला गोष्ट पहिल्यापासून सांगितली. रोझामंडचा बाप मागाजवळ बसून मरतो, त्याच्या ताटलीत गार बटाटा तसाच राहतो, तिथे एनॉकचे हात थांबले. त्याचा स्वतःचा बाप तसाच गेला होता. केझियाला त्याने ते एकदाच, लग्नाच्या सुमारास, सांगितलं होतं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ससेचोर म्हणाला, “स्वतःच्याच लिखाणावर रडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.”

केझिया भेटायला आली, तेव्हा दोघांच्या मध्ये जाळी होती.

“तुझं ते कोर्टातलं भाषण मी वापरलं,” ती म्हणाली. “रागावू नकोस. हेन्रीच्या तोंडी घातलंय.”

“सगळं?”

“दहाबारा ओळी. बाकीचं पण चांगलं होतं, एनॉक. पण मनोऱ्याला आग लागलेली. त्या गडबडीत माणूस बोलणार तरी किती?”

त्याने जाळीत बोटं अडकवली. “बटाट्याचं लक्षात ठेवलंस तू.”

“तू सांगितलेलं सगळं असतं माझ्या लक्षात,” ती म्हणाली. “छापते मात्र निवडून.”

सुटका झाली, तेव्हा दाराशी खरोखर बँड होता. हजारो माणसं. एनॉकचा ऊर भरून आला. त्याला गाड्यावर चढवलं. बोलायला त्याने तोंड उघडलं, तोच खालच्या बायकांनी एका सुरात म्हणायला सुरुवात केली, “ज्या हातांनी राणीचं रेशीम विणलं, त्या हातांना एक मत द्यायला राणी का घाबरते?” आख्खा जमाव तेच म्हणू लागला.

“हे वाक्य माझं आहे!” एनॉक जवळच्या बाईला म्हणाला.

“चल रे,” ती म्हणाली. “हेन्रीचं आहे ते. आग लागते तेव्हा म्हणतो. तू वाचत नाहीस वाटतं?”

बटरवर्थ मंडळींनी ‘घण’ पुढे बरीच वर्षं चालवला. एनॉक अग्रलेख लिहायचा, केझिया ते कापायची, आणि भांडण स्वयंपाकघरात व्हायचं. मिस्टर फॉदरगिलनी खटला जिंकला, आणि पुढे ते कोर्टात बसले की कुणीतरी हळूच नाडी तुटल्याचा आवाज काढायचं. शेवटी त्यांनी तब्येतीचं कारण सांगून न्यायदान सोडलं.

आणि मग, एनॉकच्या मिशा पांढऱ्या झाल्यावर, क्रॉबेकसारख्या गिरण्यांच्या गावांतल्या कामगारांना मत मिळालं. रविवारचा कोट घालून तो मत द्यायला गेला. तेव्हा मत चारचौघांत तोंडाने सांगावं लागे. उमेदवार दोन होते. एक गिरणीमालक, आणि दुसरा त्याहून मोठा गिरणीमालक. एनॉक बराच वेळ उभा राहिला. मागची माणसं खाकरली. शेवटी त्याने त्यातल्या लहान मालकाचं नाव घेतलं आणि बाहेर आला.

केझिया कुंपणापाशी थांबली होती. बायकांना आत जायची सोय नव्हती.

“कसं वाटलं?” तिने विचारलं.

“फार थोडक्यात आटपलं,” एनॉक म्हणाला.

“मग तुला आवडलं नसणार,” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून घराकडे निघाली.