शिल्लक नसलेली केबिन

“शैलावहिनींना सांगा, केबिन शिल्लक नाही,” डॉ. दामले म्हणाले.

ते लंडनच्या पिनर भागातल्या माझ्या ऑफिसात समोरच्या खुर्चीत बसले होते. माझ्या स्क्रीनवर बोटीचा नकाशा उघडा होता. रिकाम्या केबिन्स त्यावर हिरव्या दिसतात. एक अख्खा डेक हिरवागार होता.

“पण आहेत ना शिल्लक,” मी म्हटलं.

“ते तुम्हाला आणि मला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे?”

मी ट्रॅव्हल एजंट. स्टॅनमोर, हॅरो, पिनर भागातल्या रिटायर्ड मराठी डॉक्टरांच्या ग्रुपला दर वर्षी कुठे ना कुठे फिरवून आणते. त्या वर्षी क्रूझ ठरली होती. जानेवारीत साउथहॅम्प्टनहून निघायचं, कॅनरी बेटांवर ऊन खायचं आणि परत यायचं. अशा वेळी बोटीची कंपनी काही केबिन्स आपल्यासाठी बाजूला ठेवते. त्याला ग्रुप ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमध्ये कुणाचं नाव घालायचं ते ग्रुपचा लीडर ठरवतो, आणि लीडर होते डॉ. दामले, रिटायर्ड ऑर्थोपेडिक कन्सल्टंट. एस्कॉर्ट म्हणून मी स्वतः जाणार होते. एस्कॉर्ट म्हणजे हरवलेली बॅग, चुकलेली बस आणि अळणी डाळ या सगळ्याबद्दल जिला बोलता येतं अशी बाई.

डॉक्टरांचा ग्रुप म्हणजे डोक्याला ताप. कन्सल्टंट मंडळींना वरचा डेक हवा, आणि जीपी, म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर, त्याच डेकवर नकोत. एका बाईंना उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नव्हतं. मी म्हटलं, अहो, बोट वळते. त्या म्हणाल्या, “मग वळायच्या आधी अनाउन्समेंट करतात का?” त्यांनी आयुष्यभर लोकांना भूल दिली होती.

शैलाताईंची मात्र एकच मागणी होती, नाव घाला. त्यांचे यजमान, डॉ. वसंतराव, आदल्या वर्षी गेले. क्रूझची कल्पना मुळात त्यांचीच. ब्रोशर न्यायला ते माझ्याकडे आले होते तेव्हा पोरासारखे खूश होते. शैलाताई गणिताच्या टीचर होत्या, आता रिटायर्ड. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. “नीलाताई, घातलंत का नाव? वसंताचं राहून गेलं. मी तरी बघून येते.” मी आपली “बघते हं” म्हणायची आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग यायचा.

नाव न घालण्याचं कारण काय ते मला शेवटी माधवीताईंकडून कळलं. माधवीताई म्हणजे मिसेस दामले, शैलाताईंची जुनी मैत्रीण. त्या बोटीवर एखादा लाउंज मिळेल का, हे विचारायला आल्या होत्या.

“संक्रांतीनंतर लगेचच निघतोय ना आपण,” त्या म्हणाल्या. “हळदीकुंकू करायचं ठरवलंय. भर समुद्रात. सगळ्याजणी काळ्या साड्या नेसणार. फोटो काय येतील.”

“आणि शैलाताई?”

“तेच तर. तिलाच ऑकवर्ड होईल हो. म्हणून ह्यांनी केबिनचं सुचवलं. आम्ही तसलं काही मानत नाही, पण बाकीच्या बायका...”

बाकीच्या बायकांपैकी निम्म्या माझ्याशी याआधीच बोलल्या होत्या. त्याही काही मानत नव्हत्या. त्यांनाही बाकीच्यांचीच काळजी होती.

“मग माधवीताई, माझंही नाव काढा,” मी म्हटलं. “माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.”

त्या दचकल्या. मग हसल्या. “तुमचं काय हो, नीलाताई. तुम्ही कामासाठी येताय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बॅगा मोजायला मी चालते, कपाळापाशीच सगळं अडतं. एवढा मोठा ग्रुप हातचा गेला तर माझं वर्ष कोरडं जाणार होतं, हे मला कळत होतं. तरी मी संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, एस्कॉर्टची केबिन ट्विन असते. दोन बेड. दुसऱ्या बेडवर शैलाताई येतील. ते जमत नसेल तर मी येत नाही. कंपनी दुसरा एस्कॉर्ट देईल. चांगला असतो. इंग्लिश असतो.”

त्यांच्या ऑर्थोपेडिक डोळ्यांपुढे बहुधा मेतकूट, लोणचं आणि किचनमध्ये जाऊन डाळीला फोडणी द्यायला लावणारी मी, असं सगळं एकदम तरळून गेलं असावं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पण हळदीकुंकवाच्या वेळी तुम्ही दोघी जरा...”

“आमचं आम्ही बघू.”

बिस्केच्या उपसागरात बोट हलायला लागली आणि आमचा अख्खा मेडिकल स्टाफ आडवा झाला. कुठली गोळी घ्यायची यावर दोन फिजिशियन उलटीच्या पिशव्या हातात धरून भांडत होते. शैलाताई ठणठणीत होत्या. आलेपाकाचा डबा घेऊन त्या दारोदार फिरल्या. माधवीताईंचं डोकं त्यांनीच धरलं. सगळ्यांनी त्यांच्या हातून मुकाट्याने खाल्लं. उलटीला सवाष्ण लागत नाही.

समुद्र शांत झाल्यावर हळदीकुंकू झालं. लाउंजमध्ये काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. मी आणि शैलाताई मागच्या टेबलावर मसाला दूध ओतत होतो. कामच ते. शैलाताई कपांकडेच बघत होत्या. दूध मात्र बशीत सांडत होतं.

तेवढ्यात बोटीची होस्टेस लिंडा सगळं ठीक आहे ना हे बघायला आली. माधवीताईंना केवढा आनंद झाला. गोऱ्या बाईला त्यांनी मधोमध बसवलं, हळदकुंकू लावलं, वाण दिलं, हलव्याचा हार घातला. सगळ्यांचे फोन वर झाले.

लिंडाचे डोळे भरून आले. “माझा रॉजर गेल्यापासून,” ती इंग्रजीत म्हणाली, “मला असं कुणी नटवलं नव्हतं.”

फोन हळूहळू खाली आले. भूलवाल्या बाई छताकडे बघायला लागल्या. लिंडा बिचारी आपलं काही चुकलं का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

शैलाताईंनी किटली खाली ठेवली. पुढे जाऊन लिंडाला टिश्यू दिला. मग हात पुढे केला.

“माधवी, करंडा दे.”

माधवीताईंनी तो दिला. शैलाताईंनी मला कुंकू लावलं, करंडा माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी त्यांना लावलं. बोट सरळ चालली होती. कुणाला काही झालं नाही. थोड्या वेळाने माधवीताई आल्या आणि त्यांनी शैलाताईंच्या हातात वाणाचा डबा ठेवला. मान वर केली नाही, पण ठेवला.

परत आल्यावर शैलाताईंनी एक नवा ग्रुप काढला. एकट्या राहणाऱ्या बायकांचा. पुढच्या वर्षी नॉर्वे. लीडर शैलाताई, एस्कॉर्ट मी. बातमी स्टॅनमोरला दामल्यांकडे पोचली आणि डॉक्टरांचा फोन आला.

“नीलाताई, माधवीला नॉर्वेला यायचंच आहे. तिचं आणि माझं नाव घालून टाका.”

ब्लॉकमध्ये कुणाचं नाव घालायचं ते लीडर ठरवतो. मी शैलाताईंना विचारलं.

“माधवीला घे ना,” त्या म्हणाल्या. “माझ्याच केबिनमध्ये घे. बोट हलली की तिचं डोकं कोण धरणार?”

“आणि डॉक्टर?”

शैलाताईंनी उत्तर दिलं. मी डॉक्टरांना फोन लावला. समोर स्क्रीनवर अख्खा डेक हिरवागार होता.

“माधवीताईंची सोय झाली, डॉक्टर,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी मात्र केबिन शिल्लक नाही.”

हे वाक्य आमच्या धंद्याचं आहे. बाहेरच्यांनी वापरू नये.